बाईसाहेबांचं खातं

दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ती नोकरीला होती. नवी नर्स आली की तिचं खातं उघडायचं, डॉक्टर सोडून गेला की त्याचं बंद करायचं, कोणाला काय दिसावं आणि काय नाही ते लावायचं, हे तिचं काम. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र नवऱ्याचं राज्य. तो नकाशे काढणारा. सगळी हयात जमिनी मोजण्यात गेलेली. स्वतःच्या खात्याला त्याने 'मालक' नाव दिलं होतं आणि ॲडमिनचे सगळे हक्क तिथेच ठेवले होते. तिचं खातं 'बाईसाहेब', हक्कांच्या नावाने शून्य. साधा प्रोग्रॅम टाकायचा म्हटलं तरी पासवर्डसाठी त्याला हाक मारावी लागे.

"अर्ज करा, बाईसाहेब. विचार करू," असं म्हणून तो चहा मिळेपर्यंत जागचा हलत नसे.

मग त्याला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग घरी यायचा रस्ता. पुढे काय होणार ते डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ती त्याला बोलतं करायची आणि रेकॉर्ड करायची. त्याचं लहानपण, पहिली नोकरी, पहिल्या भेटीत तिच्या अंगावर सांडलेली कॉफी. ते सगळं तिच्या खात्यात साठत गेलं. कामावर ती रोज सगळ्याची दुसरी प्रत काढायची. घरी ते उद्यावर ढकललं जायचं.

एके दिवशी त्याने नकाशांचं अख्खं फोल्डर उडवलं. "कोणाचा तरी पसारा होता," म्हणाला.

लेक फोनवर तडकलीच. "आई, बाबांचे हक्क काढून घे. आजच्या आज."

"अगं, त्यांचं मशीन आहे ते."

"होतं."

पासवर्ड त्याला सांगता येत नव्हता, पण बोटांना पाठ होता. तिने सांगितल्यावर त्याने मुकाट्याने टाइप केला. तिने आपलं खातं ॲडमिन केलं, त्याचं साधं. कामावर डोळे मिटून करायची गोष्ट, पण इथे तिने दोनदा वाचून मग बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो पूर्वीसारखा उठला. दाढी केली, पेपर वाचला, कॉम्प्युटर लावला, एक प्रोग्रॅम टाकायला गेला, आणि पडद्यावर 'बाईसाहेब'च्या पासवर्डची चौकट आली.

"हे काय? माझ्याच घरात मी परवानगी मागायची?"

"अहो, तुमच्याच भल्यासाठी..."

"मी पार गेलोय का गं? खरं सांग."

ती पेपरची घडी घालू लागली. तो म्हणाला, "कॉफी सांडली होती तुझ्यावर. निळा ड्रेस होता." आणि हसला.

त्या हसण्याने तिचा घात केला. तिने हक्क परत दिले.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा तो खुशीत होता. "बरं झालं आलात. कोणी बाईसाहेब म्हणून इथे कॉम्प्युटरवर घुसली होती. काढून टाकली."

"फाइली ठेवायच्या का, असं विचारलं असेल ना कॉम्प्युटरने?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"विचारलं की. कशाला ठेवायच्या? आपल्या ओळखीची नाही."

ती ओरडली. इतक्या वर्षांत कधी ओरडली नव्हती तशी. तो खुर्चीत अंग चोरून बसला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. तेव्हा ती थांबली.

कामावरचा सहकारी येऊन गेला, त्याने जंग जंग पछाडलं. "या डिस्कवरून पुसलेलं परत येत नाही, ताई," तो खाली मान घालून म्हणाला.

तिने स्वतःसाठी नवं खातं उघडलं आणि त्याचे हक्क पुन्हा काढून घेतले. या वेळी नवऱ्याला ते कळलंही नाही. रविवारी शेजारी खुर्ची ओढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"तुमची पहिली नोकरी कुठली हो?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे बघावं तसं, अदबीने.

"मी नोकरी करत होतो?"

तिने आणखी दोन-तीन प्रश्न विचारून पाहिले. मग रेकॉर्डिंग बंद केलं आणि त्याला जेवायला वाढायला उठली.