सोडलेली गाडी

माज्या नवऱ्याला आठवड्यातनं दोनदा साताऱ्याला न्यावं लागतं, डायलिसिसला. मल्हार त्यांचं नाव. एरवी मी नाव घेत न्हाई, पर सांगायचं म्हंजे घ्यावं लागतंय. मागल्या महिन्यापत्तुर म्हसवडातनं एस्टी धरायची. जाताना माणूस ताठ बसायचा तरी, येताना खिडकीच्या गजाला डोकं टेकवायचा आन वकायचा. शेजारची माणसं नाक धरून उठून जायची. जाऊ देत, मला त्यांचा राग नव्हता. मला राग व्हता बिरोबाच्या देवळाम्होरं शेडात उभ्या केल्याल्या त्या गाडीचा.

गाडी आमच्या वाडीतल्या हरणाबाईच्या पोराची, विश्वजितची. त्यो सांगलीत बांधकामाची कंत्राटं घेतो. गाडी करंटवर बी चालती आन पेट्रोलवर बी. मोबाईलसारखा प्लग लावायचा, आन चार्जिंग संपलं तर पेट्रोलवर पळती. उंब्रजजवळ हायवेला ट्रकनं तिला घासत नेली. पत्रा फाटला, पर विश्वजितला खरचटलं बी न्हाई. दुरुस्त करून आणली तर त्याची बायको तीत बसंना. मग त्यानं ती वाडीच्या रुग्णसेवा मंडळाला दान दिली. शेड घातलं, प्लग बसवला, आन माज्या नवऱ्याला म्हनला, "मल्हारतात्या, आता एस्टी बंद." मी त्या दिवशी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला.

त्याच टायमाला हरणाबाई म्होरं आली. गाडीच्या बॉनेटवर मूठभर भंडारा टाकला आन देवळाकडं हात जोडून म्हनली, "बिरोबा, बोलले व्हते. ही घे, सोडली तुला."

सोडली. बास, त्या एका शब्दानं घात केला.

आमी धनगरं. नवस फिटला की मेंढा देवाला सोडायचा. मग त्याची लोकर कुणी कातरत न्हाई, त्याला कुणी इकत न्हाई, कापत न्हाई. हात लावायचा त्यो फकस्त पाया पडायला. पोरगं हायवेवरनं जित्तं घरी आलं तवा हरणाबाईनं मेंढा सोडायचा नवस बोलला व्हता. पर मेंढरं तर कवाच इकल्याली. पोरानं गाडी दान दिली, हिनं मेंढ्याच्या जागी तीच सोडली. विश्वजितच्या ध्यानात बी आलं न्हाई, त्यो सांगलीला गेला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा डायवर गुंडा चावी खुट्टीला अडकवून मोकळा. म्हनला, "वैनी, देवाला सोडल्यालं जितराब कुणी जुपतं का? मला बी पोरंबाळं हायती."

"जितराब हाय व्हय ती? शेपूट दाव मला तिचं," मी म्हनलं.

माणसं हसली, पर चावी कुणी काढली न्हाई. शेडाच्या फाटकाला कुलूप लागलं. आमुशेला बायका तिच्याम्होरं नारळ फोडाय लागल्या. गुंडा तिला प्लग मातर न चुकता लावायचा, देवाचं हाय, उपाशी कसं ठिवायचं म्हनून. माजा माणूस एस्टीत वकतोय आन गाडी सावलीत करंट पितीया. मी विश्वजितला फोन केला. त्यानं आईला समजावलं आसंल, तर तिनं जेवण सोडलं. मग त्यो बी गप बसला.

मागल्या महिन्यात एस्टी पुसेगावच्या अलीकडं बंद पडली आन आमची डायलिसिसची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी ह्यांची सूज पायावरनं तोंडावर आली, धाप थांबंना. अँब्युलन्सला फोन केला तर ती दुसरा पेशंट घिऊन लांब गेल्याली. मी तशीच हरणाबाईच्या दारात गेले. ती जोंधळं पाखडत व्हती.

"आत्या, गुंडाला चावी द्यायला सांगा. ह्यांचं काय खरं न्हाई."

"मंगल, तुजं कुकू पुसावं आसं मला वाटतं का गं? पर देवाची वस्तू जुपली तर त्यो माजं पोर उचलंल. हायवेवरनं त्यानंच परत दिलंय."

ती नाटक करत नव्हती. मला तिचा गळा धरावासा वाटला आन रडू बी आलं. मग तोंडातनं कसं निघालं कुणास ठावं.

"आत्या, तुमच्या बापानं देवाला सोडल्याला मेंढा कवा बांधला व्हता का?"

"न्हाई. त्याला दावं लावत न्हाईत."

"आन कुणाच्या रानात शिरला तर?"

"शिरू दे म्हनायचं. देवाचा हाय."

"मग ह्या गाडीला कुलूप कुणी घातलं? सोडली म्हनता आन बांधून ठिवलीया. बिरोबा कुणावर कोपंल, सांगा की."

हरणाबाईनं सूप खाली ठिवलं. मग उठली, पदर खोचला आन देवळाकडं चालाय लागली. गुंडाला म्हनली, "काढ कुलूप."

"आन चालवायची?" गुंडा चाचरला.

"तू नुसता बस. ती जाईल तिकडं जाऊ दे."

"ती साताऱ्याला जाईल," मी म्हनलं.

ह्यांना मागच्या शिटावर आडवं केलं. गाडी आवाज न करता हलली, बायकांनी हात जोडलं. हरणाबाईनं खिडकीतनं माजं मनगट धरलं.

"मंगल, विश्वजितला काय झालं तर मी तुज्या दारात यीन."

"या," मी म्हनलं. दुसरं काय म्हननार व्हते?

साताऱ्यात डाक्टरांनी वाचवलं. आता गाडी आमच्या दारात येती, वाडीतलं बाकीचं पेशंट बी तीतनंच जात्यात. लोकं म्हनत्यात, मंगलनं म्हातारीला जिकलं. कसलं जिकलं? तिनं तिचं भ्या उचलून माज्या वटीत घातलं. रोज उठल्यावर नवऱ्याच्या पायाची सूज बघायच्या आदी मी विश्वजितला फोन लावते. त्यो "बोला काकू" म्हनला की जीव भांड्यात पडतो, आन म्होरं काय बोलावं ते सुचत न्हाई.

आज सकाळी त्यानं फोन उचलला न्हाई. परत लावला, तरी न्हाई. मी दारात यून उभी ऱ्हायले. समोर हरणाबाई तिच्या दारात फोन कानाला लावून उभी व्हती, माज्याकडंच बघत.