नंबर सांभाळणारी ओळ

मी एक ओळ बोलतेय. कागदावरची नव्हे, वेबपानाच्या पोटातली. मला सहसा कुणी वाचत नाही, आणि खरं सांगते, कुणी वाचायला लागलं की माझी पाचावर धारण बसते.

माझा जन्म अम्मानमधल्या एका ऑफिसात झाला. रूला जवळच्या मादबा गावातल्या डायलिसिस केंद्राचं पान बनवत होती. पान अरबी, म्हणून सगळं उजवीकडून डावीकडे. पण त्या शिस्तीत रुग्णांना आणणाऱ्या केंद्राच्या गाडीचा फोन नंबरही फिरला. शेवटचे चार आकडे आधी आले आणि शून्य सात नऊ शेवटी गेलं. तेव्हा तिने मला लिहिलं: फक्त एवढा नंबर डावीकडून उजवीकडे.

"इथून हलायचं नाही हं," ती मला म्हणाली. त्या अख्ख्या पानावर अशी मी एकटीच.

पुढे रूला बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी मुन्झिर आला. त्याला साफसफाईचा भारी सोस. रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, तो एकेक ओळ पुसत माझ्यापर्यंत आला. मी अंग चोरून बसले.

"ही कोण शहाणी?" तो शेजारच्या हनानला म्हणाला. "सगळं पान उजवीकडून, आणि ही एकटी डावीकडून! कुठल्या तरी परदेशी नमुन्यातून चिकटून आली असणार."

"राहू दे ना बाबा. रूलाने ठेवलीय म्हणजे काहीतरी असेल."

"अगं, विचारायला रूला आहे कुठे?"

त्याने मला पुसलं नाही. दोन्ही बाजूंना खुणा घालून मुकं केलं, म्हणजे मी जागेवरच, पण माझं कुणी ऐकायचं नाही. माझ्या डोळ्यांदेखत नंबर उलटा झाला. मी ओरडत होते, पण ऐकणार कोण?

मंगळवारी दुपारी रूलाचा फोन आला. ती रडत होती.

"मुन्झिर, बाबांना धाप लागलीय, लगेच डायलिसिसला न्यायचंय. आई पानावर बघून गाडीला फोन लावतेय, लागतच नाही. तुझ्यासमोर पान आहे ना? नंबर वाच."

तो डावीकडून वाचू लागला. चार आकडे झाले, तशी रूलाने त्याला थांबवलं.

"अरे, हा नंबर तर शून्य सात नऊने सुरू होतो! तिथे माझी एक ओळ होती. कुठंय ती?"

मुन्झिरने घाईघाईने खुणा काढल्या, नंबर सरळ झाला, आणि त्याने तो वाचून दाखवला.

गाडी पोचली. बाबा वाचले. तोवर आईने तो उलटा नंबर एकवीस वेळा लावला होता.

मुन्झिर आता माझ्या वाटेला जात नाही. तरी माझी भीती गेलेली नाही. उद्या आणखी कुणी साफसफाईला येईल. मला पुसायचंच असेल तर पुसा, बाबांनो. फक्त त्याआधी पानावरचा नंबर एकदा लावून बघा.