वाटणीत आलेला लाल कॅट

मी पत्त्यांचा कॅट बोलतोय. पाठ लाल, कडा झिजलेल्या. थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मला एकट्याला कोणी विकत घेतलं नव्हतं. निळ्या पाठीचा जोडीदार बरोबर होता. आमचा खेळ कनास्टा, रमीच्याच जातीचा. दूरच्या एका भाषेत कनास्टा म्हणजे टोपली. सात सारखी पानं लावली की टोपली भरली. एका कॅटात सारखी पानं चारच, म्हणून आम्ही दोघे.

सोफे बनवणाऱ्या दोन भावांच्या घरी आम्ही राबलो. भाऊ एकमेकांचे भिडू, समोर दोघी जावा. डाव संपवण्याआधी भिडूला विचारायचं, "सुटू का?" तो सांगेल तेच करायचं.

धाकट्याला फोम कापायचं मशीन हवं होतं. थोरल्याचा भरवसा हातावर. त्यावरून अबोला झाला. जावा शहाण्या. जेवणं उरकली की आम्हाला पिसायला घ्यायच्या. खेळात तरी दोघांना तोंड उघडावं लागे. "सुटू का?" "थांब." दिवसभरात तेवढंच बोलणं.

एकदा थोरल्याने नुसती मान हलवली.

"तोंडाने सांग, दादा."

"मान दिसत नाही तुला?"

"वहिनी, नियम काय आहे, सांगा ह्याला."

"मला नका मध्ये घेऊ, भावजी."

धाकटा पानं टाकून उठला. पुढच्याच आठवड्यात दुकान वेगळं झालं.

थोरला वाटणीला पक्का. कात्र्या, सुया, खिळे झाल्यावर त्याने आम्हाला पुढे ओढलं. लाल इकडे, निळा तिकडे.

"अहो, मग टोपली कोणाचीच व्हायची नाही," थोरली म्हणाली.

"वाटणी ती वाटणी."

रागाच्या भरात त्याने पानं मोजली, पाठी नीट पाहिल्या नाहीत. माझी किलवर राणी तिकडे गेली. तिकडची चौकट सत्ती माझ्यात आली.

आता थोरला पेशन्स लावतो, एकट्यानेच खेळायचा डाव. किलवर गुलामापर्यंत आला की राणीवाचून अडतो. ते निळं पान बाजूला काढून ठेवतो, फेकत नाही.

"द्या की नेऊन," थोरली म्हणते.

"त्याला हवं असेल तर येईल."

तिकडेही हेच चाललं असणार. दोघे एकाच आईचे.

मला आता नवा डाव नको. पण तुमच्यापैकी कोणी धाकट्याच्या दुकानावरून जात असेल, तर सांगा, तुझं पान इथे आहे, घेऊन जा. थोरला दार उघडेल. बोलेल की नाही, याची हमी मी देत नाही.