विशेष काळजी

इतिहासाच्या बाईंना वाटलं, आपण मोठा तीर मारला. मुलांना सनावळ्यांचा कंटाळा आणि संग्रहालयात माणसांचा दुष्काळ, मग दोघांची गाठ का घालू नये? प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची, तिची माहिती लिहायची आणि महिनाभर ती संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात मांडायची. तिथले वस्तुपाल, मुलांचे काचवाले काका, तेही हुरळले. जन्मभर मेलेल्यांच्या वस्तू पुसत बसलेल्या त्या बापड्याकडे जिवंत माणसं येणार होती!

कोणी कंदील आणला, कोणी आजोबांचा चष्मा. एक मुलगी तेवढी हात हलवत आली. बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा खाली बघत तिने सांगितलं की घरी आईचा स्वेटर आहे, पण द्यायचा नाही. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. स्वेटरला अजून तिचा वास होता. बाबा तो पिशवीत घट्ट बांधून ठेवायचे आणि दर रविवारी दोघं थोडा वेळ उघडायचे.

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण उत्साहाला डोळे असतात कुठे! इतिहास काय फक्त राजांचा असतो, तुझी आईसुद्धा इतिहासच, असं सांगून त्यांनी पोरीला गळ घातली. आहे तसा परत देईन, हा शब्दही दिला. तिसऱ्या दिवशी बाबांनी पिशवी पाठवली. संग्रहालयाच्या फॉर्मवर बाईंनी लाल शाईने लिहिलं, 'विशेष काळजी घ्यावी.' वासाचं काही लिहिलं नाही. छापील कागदावर ते कसंतरीच दिसलं असतं.

काकांनी विशेष काळजी घेतली. लोकरीत कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड, असते आणि एका कपड्यातून ती सगळ्या कपाटांत शिरते, म्हणून आलेला लोकरी कपडा आधी धुवायचा, मग आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. लाल शाई पाहून त्यांनी हा स्वेटर दोनदा धुतला.

महिन्याने वस्तू परत देताना हे सगळं त्यांनीच कौतुकाने सांगितलं. एक डाग ठेवला नाही म्हणाले.

मुलीने स्वेटर नाकाशी धरला. मग उलटा करून गळ्यापाशी, काखेपाशी हुंगला. बराच वेळ हुंगत राहिली. काका बाईंकडे बघू लागले. त्यांची काय चूक? चूक बाईंची होती, आणि ती कशानेही भरून येणार नव्हती.

पोर रडली नाही. घडी घालून तिने स्वेटर पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

"बाबांना काही सांगू नका, बाई," ती म्हणाली. "रविवारी मी म्हणेन, मला अजून येतोय."