कप्तानांची कवळी

वॉर्डात आया म्हणून राबणाऱ्या मावशींचा पारा सकाळीच चढला. मोठ्या सिस्टरनी वॉर्डात फर्मान काढलं होतं: कप्तान आज दुपारीही जेवले नाहीत, तर चार वाजता नाकातून नळी.

कप्तान म्हणजे सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा. हयात जहाजावर गेली. मेंदूचा झटका आला आणि बाकीच्या भाषा धुऊन गेल्या, आईकडून आलेली स्पॅनिश तेवढी उरली. चार दिवस ते घास तोंडात घेत, 'मुएर्दे, मुएर्दे' म्हणत आणि थुंकून टाकत. सिस्टरांच्या मते हा निव्वळ हट्ट, म्हाताऱ्यांचे लाड केले की ते डोक्यावर बसतात. मावशींनी दात-ओठ खाल्ले आणि तरातरा जिना उतरून औषधांची खिडकी गाठली.

खिडकीतली पोरगी संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जायची. मावशींनी दरडावूनच विचारलं, मुएर्दे म्हणजे काय गं? पोरीने वही उघडली. मूळ क्रियापद मोर्देर, चावणं. 'आम्ही चावतो' म्हणताना मोर्देमोस, पहिला ओ जागच्या जागी. पण 'मी' आणि 'तो' आले की ओचा उए होतो. मी चावतो, मुएर्दो. तो चावतो, मुएर्दे.

"म्हणजे घरात एक आणि दारात एक," मावशी करवादल्या. "पण चावतंय कोण?"

तेवढ्यात त्यांचं लक्ष स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे गेलं. नवी चप्पल चावली होती. पोरीचे आभारही न मानता त्या धापा टाकत वर आल्या आणि कप्तानांना आ करायला लावलं. हिरडीवर ही एवढी लालभडक जखम. कवळी एका बाजूने डुगडुगत होती.

ती त्यांची नव्हतीच.

 वेळ वाचावा म्हणून मावशी वॉर्डातल्या आठही कवळ्या एकाच टबात धूत. आई जशी पोरं ओळखते तशी मी कवळ्या ओळखते, अशी त्यांची फुशारकी. चार दिवसांपूर्वी सिस्टरशी वाजलं होतं, आणि त्याच तावात त्यांनी कवळ्या भराभर वाटल्या होत्या.

कप्तानांची कवळी शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांच्या तोंडात निघाली. चार दिवस बिचारे नुसतं दूध पीत होते.

"अहो, बोलला का नाहीत?"

मास्तर चाचरले. "तुम्ही रागावता, मावशी."

मावशींना मुस्कटात बसल्यासारखं झालं. दोन्ही कवळ्या त्यांनी वेगवेगळ्या वाडग्यांत धुतल्या, ज्याची त्याला दिली आणि कप्तानांच्या हिरडीला मलम लावलं. दुधात कुस्करलेल्या पावाचा चमचा पुढे करून हळूच विचारलं, "मुएर्दे?"

कप्तानांनी जिभेने चाचपून पाहिलं, मान हलवून नाही म्हटलं आणि चमचा हिसकावूनच घेतला.

दारात सिस्टर नळी घेऊन उभ्या होत्या. मावशींनी सगळं कबूल केलं, स्वतःची चूक एका अक्षरानेही कमी केली नाही. सिस्टरांचा चेहरा तापत गेला.

"रागवा," मावशी म्हणाल्या, "पण बाहेर चला. ते जेवताहेत."