पहिल्याच अर्थावर थांबलेले बोट

मित्रांनो, मी इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. आता माझी शिवण उसवली आहे आणि शेवटची काही पाने कधीच गळून गेली आहेत. असा जाडजूड म्हातारा कोपऱ्यात निवांत पडून असेल, असे तुम्हाला वाटेल. पण मला निवांतपणा नाही. माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत आणि त्यांतला एक मला अजून स्वस्थ बसू देत नाही. तो शब्द म्हणजे 'एक्स्प्लोड'.

छापखान्यात अक्षरांचा एकेक खिळा जुळवून माझी पाने तयार झाली. जागा पुरावी म्हणून प्रत्येक शब्दाचा पहिला अर्थ ठळक छापला आणि बाकीचे अर्थ त्याखाली बारीक अक्षरांत दाटीवाटीने बसवले. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. तीस वर्षे मी त्यांच्या टेबलावर होतो. 'एक्स्प्लोड' शिकवायचा दिवस आला की वर्ग खूश व्हायचा. बाई फुगा फोडून दाखवत. मग सांगत, "माणूस रागाने भडकतो, तेव्हाही हाच शब्द. गावाची वस्ती भराभर वाढते, तेव्हाही हाच. आणि एखादी जुनी समजूत कुणी पार खोटी ठरवली, तरीही हाच!" मुले विचारायची, "बाई, एकाच शब्दाची इतकी कामं?" बाई मला थोपटून म्हणायच्या, "याला विचारा. हा माझा उजवा हात आहे."

बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटावर गेलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. अशात एके सकाळी त्यांचा धाकटा भाऊ आला. तो पिठाच्या मोठ्या गिरणीत मुकादम होता. गिरणीत नवे यंत्र आले होते आणि त्याची पुस्तिका इंग्रजीत होती.

"ताई, एवढ्या सूचना मराठीत करून दे. आजच भिंतीवर लावायच्यात."

"आजच? अरे, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय अजून."

"चार ओळी तर आहेत. तुझ्या डाव्या हातचा मळ!"

तीन ओळी झाल्या. चौथीत लिहिले होते की हवेत उडालेली पिठाची धूळ 'एक्स्प्लोड' होऊ शकते. बाई अडखळल्या. फुगा ठीक आहे, बॉम्बही ठीक, पण पिठाची धूळ? त्यांनी मला खाली काढले. पान सापडले. ठळक अक्षरांवर बोट टेकले: 'फुटणे'. खालची बारीक ओळ त्यांना दिसेना. भाऊ दारात चपला घालून उभा होता. मी आतल्या आत तडफडत होतो. अहो बाई, जरा खाली या! पण मला तोंड कुठे आहे? बाईंनी लिहिले, 'हवेतील पिठाची धूळ फुटू शकते.'

संध्याकाळी भाऊ हसत हसत आला. "ताई, गिरणीत नुसती धमाल! जो तो म्हणतोय, जपून रे, पिठाला तडा जाईल!"

बाईही हसल्या, पण त्यांचे हसू मध्येच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. हात पुढे आला आणि मागे गेला. उद्या भिंग आणून बघू, असे काहीसे पुटपुटल्या. पुढचे नऊ दिवस त्या माझ्यासमोरून येरझाऱ्या घालत राहिल्या. मला मात्र उघडले नाही.

दहाव्या दिवशी दुपारी भाऊ आला तो काजळी आणि पिठाने माखलेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर अंगणात बसले होते. आत एकटा वेल्डर तुळईखाली काम करत होता. त्या तुळईवर वर्षानुवर्षांचे पीठ साचले होते. हातोड्याच्या ठोक्याने ते झडून हवेत उडाले आणि त्यात ठिणगी पडली. खिडक्या चौकटींसकट अंगणात येऊन पडल्या.

"वाचलाय," भाऊ म्हणाला. "पण त्याचे हात... ताई, आम्ही हसलो गं तुझ्या सूचनेला."

"हसण्यासारखंच लिहिलं होतं मी."

बाईंनी शेजारून भिंग मागून आणले आणि दुसरा अर्थ मोठ्याने वाचला: 'वायू, बंदुकीची दारू, धूळ इत्यादींचा स्फोट होणे, क्षणात पेटून प्रचंड जोराने फाकणे.' मित्रांनो, धूळ हा शब्दसुद्धा तिथे होता.

आठवड्याने बाई मला पिशवीत घालून इस्पितळात गेल्या. वेल्डरचे दोन्ही हात पट्ट्यांत होते आणि त्याची बायको त्याला भरवत होती. बाईंनी काही न लपवता सगळे सांगितले.

बायकोने चमचा खाली ठेवला. "खालच्याच ओळीत होतं? आणि तुम्ही वाचलं नाहीत? तीस वर्षं शिकवलंत ना हो तुम्ही!" ती अशी भडकली की परिचारिका धावत आली.

शेवटी वेल्डर म्हणाला, "पुरे गं. बाई, वाचा बघू काय लिहिलंय."

बाईंनी वाचले. त्याने डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली. "हेही नको. स्फोट म्हटलं की लोकांना बॉम्ब आठवतो. पिठाला कोण घाबरणार? लिहा, उडालेलं पीठ पेट्रोलसारखं पेटतं. आधी तुळई ओल्या फडक्यानं पुसा, मगच ठिणगीचं काम काढा."

त्याची वाक्ये जशीच्या तशी गिरणीत लागली. या वेळी कुणी हसले नाही.

वेल्डरच्या डाव्या हाताची तीन बोटे पुन्हा कधी वळली नाहीत. त्याचे वेल्डिंग सुटले. आता गिरणीत कुठेही ठिणगीचे काम निघाले की आधी तो वर चढून तुळया पाहतो. त्याने हो म्हटल्याशिवाय काम सुरू होत नाही. त्याची बायको बाईंशी आजही बोलत नाही आणि बाई त्याबद्दल तक्रार करत नाहीत.

मला आता फारसे कुणी उघडत नाही. शब्द अडला की तुम्ही मोबाइल काढता. काढा, माझा राग नाही. पण तिथेही एकच अर्थ सगळ्यांत वर असतो आणि तुम्ही घाईत असता, हे पाहून माझ्या पानांची चुळबुळ सुरू होते. मित्रांनो, मला पुठ्ठा घाला, सुटी पाने चिकटवा, वाळवीपासून जपा, एवढे तर मी मागतोच. पण त्याआधी शब्दाला थोडा वेळ द्या. अर्थ जुळत नसेल, तर चार जणांना विचारा. तुम्ही लिहिलेली ओळ खरी मानून उद्या कुणीतरी कामाला हात घालणार आहे.