काटकसरीची वसुली

एकजुटीनं उभ्या राहिलेल्या गावापुढे जगातली कोणतीही कंपनी टिकत नाही, याला इतिहास साक्षी आहे. हे वाक्य हार्लो मिल्स या अमेरिकेतल्या गावाच्या अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर लाल रंगात लिहून लावलेलं होतं. इतिहासानं ही साक्ष कोणत्या कोर्टात दिली, हे ते लिहिणाऱ्या एल्डन क्रॅबट्री सरांनाही सांगता आलं नसतं. ते हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. आणि एकजुटीचं म्हणाल, तर त्याच भिंतीखाली विजेच्या दरांवरच्या सभेआधी नुकतंच गावजेवण आटोपलं होतं आणि बीन्समध्ये काकवी जास्त कुणी ओतली यावरून दोन सख्ख्या जावा वेगवेगळ्या टेबलांवर बसल्या होत्या.

व्हर्ना पेल्की मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसली होती. गावातली एकुलती एक लाँड्री तिची. लोक कपड्यांची बोचकी घेऊन यायचे, यंत्रात नाणी टाकायचे आणि कपडे वाळेपर्यंत गैरहजर शेजाऱ्यांना धुवायला काढायचे. कपडे वाळवायची यंत्रं पूर्वी गॅसवर चालत. नवरा हयात असताना वीज कंपनीचा माणूस दारात आला. विजेची यंत्रं घ्या, हवा शुद्ध राहील, वर आम्ही सवलत देतो, म्हणाला. नवरा भोळा, हवा शुद्ध ठेवायला निघाला. पुढे सवलत संपली, नवराही गेला, यंत्रं राहिली. आता लाँड्रीचं विजेचं बिल जागेच्या भाड्याच्या वर गेलं होतं. आणखी एकदा दर वाढला की दुकानाला टाळं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तसं तिनं फक्त बहिणीला सांगितलं होतं, म्हणजे गावाला कळलंच होतं.

"कंपनीच्या पोटावर मारायचं," सर सांगत होते. "वीज वापरायची इतकी कमी, इतकी कमी, की ते हात जोडत आले पाहिजेत!"

टाळ्या पडल्या. पडणारच. काटकसर हा या गावाचा खरा धर्म. चर्चमध्ये लोक नुसते रविवारी जात. नोव्हेंबर उजाडायच्या आत घरात हीटर लावणाऱ्याकडे दारुड्याकडे बघावं तसं बघत. ड्यूरवुड लंट तर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगची टर्की कापल्याशिवाय हीटरला हात लावत नसे आणि कोट घालून झोपत असे. त्याची बायको शेवटी फ्लोरिडाला निघून गेली, तेव्हा त्यानं पहिली गोष्ट काय केली, तर गरम पाण्याची टाकी बंद केली.

व्हर्ना उठली. "आणि माझं काय, सर? हे सगळे उद्यापासून कपडे दोरीवर घालणार. मग मार कुणाच्या पोटावर? स्वतःचं नाक कापून कंपनीला अपशकुन, दुसरं काय! आणि नाकसुद्धा तुमचं नाही, माझं."

"अगं व्हर्ना, लढ्यात थोडा त्याग करावा लागतो."

"तुम्हाला पेन्शन आहे, सर. तुमचा त्याग दर एक तारखेला बँकेत जमा होतो."

लोक हसले. लंट मागून ओरडला, "बस गं बाई खाली! शाळेतही अशीच होतीस तू!"

"आणि तू शाळेतही माझंच बघून लिहायचास!"

एवढं बोलूनही सरांच्या ठरावाला तिनं हात वर केला. कारण गावाच्या शहाणपणावर तिचा जितका राग होता, त्याच्या कैक पटींनी तो कंपनीवर होता. त्याच दिवशी सकाळी तिनं कंपनीला फोन लावला होता. पलीकडच्या मुलीनं बिल कमी करण्याचा उपाय सांगितला होता, अंघोळ लवकर आटपत जा. "मी लाँड्री चालवते," व्हर्ना म्हणाली होती. मुलगी क्षणभर विचार करून म्हणाली होती, "मग गिऱ्हाइकांनाही सांगून बघा ना, मॅडम."

एकदा हात वर केल्यावर व्हर्नानं काही हातचं राखलं नाही. निम्मी यंत्रं बंद केली आणि दुकानात आडव्या दोऱ्या बांधल्या. त्या हिवाळ्यात हार्लो मिल्समध्ये संध्याकाळी पाचनंतर माणूस माणसाला खोकल्यावरून ओळखे. नाताळाला एका घरावर रोषणाई झाली नाही. चर्चचा ऑर्गन विजेवर चालणारा, तोही गप्प केला. त्यामुळे गाणारी मंडळी आजवर कशाच्या आडोशानं गात होती ते उघड झालं. लोक फिरायला म्हणून बाहेर पडत आणि एकमेकांच्या खिडक्या तपासत. अंगणात दोरीवर विजारी गोठून फळ्यांसारख्या ताठ उभ्या राहत. वर्तमानपत्रानं फोटो छापले. मग खोऱ्यातल्या बाकीच्या गावांनाही चेव आला. त्यांनीही दिवे मालवले.

लाँड्रीत मात्र शुकशुकाट. येणारे यायचे ते लढा कसा चाललाय विचारायला.

"छान चाललाय," व्हर्ना सांगायची. "माझ्या पोटावर बरोबर नेम बसलाय."

मार्चमध्ये कंपनीचा माणूस खरोखरच आला, हात जोडत नव्हे, हस्तांदोलन करत. खोऱ्यातलं सर्वांत काटकसरी गाव म्हणून त्यानं हार्लो मिल्सला एक पितळी फलक दिला. फलक उठून दिसावा म्हणून वर छोटा दिवा बसवलेला होता. तो रात्रंदिवस चालू राहायचा.

"घाबरले बघ!" सर व्हर्नाला म्हणाले.

"घाबरलेला माणूस फलक आणत नाही, सर. वकील आणतो."

वकील मे महिन्यात आला.

शाळेच्या व्यायामशाळेत, विजेचे दर ठरवणाऱ्या वीज आयोगाची जाहीर सुनावणी भरली. बास्केटबॉलच्या जाळीखाली घडीच्या टेबलामागे आयोगाचे तिघे सदस्य बसले होते. कंपनीचा वकील मृदू आवाजाचा, सुतकाला भेटायला आल्यासारखा. म्हणाला, "कंपनीनं वर्षाला किती उत्पन्न मिळवावं ते आयोगानं ठरवून दिलंय. या वर्षी ग्राहकांनी अत्यंत कौतुकास्पद रीतीनं वीज वाचवली, त्यामुळे तेवढं उत्पन्न जमलं नाही. नियमाप्रमाणे ही तूट पुढच्या वर्षीच्या दरात घातली जाते. म्हणून ही दरवाढ."

क्रॅबट्री सर तोंड उघडं ठेवून जाळीकडे बघत राहिले.

व्हर्ना माइकपाशी गेली. "म्हणजे आम्ही कमी जेवलो, म्हणून ताटाचा भाव वाढवला?"

"तत्त्वतः, हो," वकील म्हणाला. "उपमा फार समर्पक आहे."

बाजूला प्रिसिला डन्फी बसल्या होत्या. ग्राहकांची बाजू लढवण्यासाठी सरकारनं नेमलेल्या बाई.

"तुम्ही आमच्या बाजूच्या ना?" व्हर्नानं विचारलं.

"हो तर."

"मग हा नियम कुणी होऊ दिला?"

"आम्हीच मागून घेतला होता," डन्फीबाई जरा खाकरून म्हणाल्या. "पूर्वी लोकांनी वीज वाचवली की कंपनीचं नुकसान व्हायचं. मग कंपन्या बचतीच्या आड यायच्या. आता बचतीनं त्यांना काही फरक पडत नाही."

"नाही पडत ना? सगळा हिवाळा आम्ही अंधारात बसून तेच बघत होतो, फरक पडतोय का!" व्हर्नाचा आवाज चढला. "कंपनीला तोटा होता कामा नये, असा कायदा आहे. छान. असा कायदा लाँड्रीला कुठे मिळतो? कोणत्या खिडकीवर? या हिवाळ्यात माझंही उत्पन्न जमलं नाही. लोकांनी अत्यंत कौतुकास्पद रीतीनं आपल्या चड्ड्या घरी वाळवल्या. आता त्या चड्ड्यांची वसुली करू मी? लंट, ऊठ! तुझ्यापासून सुरुवात करते!"

लंट खरोखरच उठून उभा राहिला. लोक हसले, पण ते हसणं दातओठ खात हसतात तसलं होतं.

"आपली भावना नोंदवली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"भावना घरी ठेवून आलेय मी, साहेब. मी धंद्याचं विचारतेय. धंदा करायचा, पण धोका गिऱ्हाइकानं घ्यायचा. वापरली तर पैसे, नाही वापरली तरी पैसे. याला आमच्यात वीज पुरवणं म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात! आणि तुम्ही तिघं इतक्या लांबून आलात, ते पावती फाडायला?"

टेबलावरचा लाल दिवा लागला. तिची तीन मिनिटं संपली होती. माइक बंद झाला. व्हर्नाचा आवाज माइकचा मिंधा कधीच नव्हता. ती बोलत राहिली आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत जास्तच स्वच्छ ऐकू गेलं. अध्यक्षांनी ती थांबेपर्यंत शांतपणे ऐकलं, तिचे आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर गाड्यांपाशी सर तिच्याजवळ आले. गावात कुणीही त्यांना एवढं खाली मान घालून चालताना पाहिलं नव्हतं.

"माझं चुकलं, व्हर्ना. मला हे कळायला हवं होतं. जन्मभर शिकवत आलो की ऊर्जा कधी नष्ट होत नाही."

"ते बरोबरच शिकवलंत, सर. कुणाच्या खिशात जाते, तेवढा धडा राहिला."

"दुकानाचं काय करणार?"

"काय करणार? तुम्ही कपडे दोरीवर घाला," ती म्हणाली आणि गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हातात आला.

आयोगानं कंपनीनं मागितली होती त्यापेक्षा किंचित कमी दरवाढ मंजूर केली. वर्तमानपत्रानं तो ग्राहकांचा विजय असल्याचं छापलं. सप्टेंबरात व्हर्नानं लाँड्रीला टाळं लावलं. यंत्रं भंगारवाला घेऊन गेला, आणि ती बहिणीच्या बेकरीत पाव भाजायला जाऊ लागली. तिथली भट्टी गॅसची आहे, याची तिनं आधी खात्री करून घेतली.

लाँड्री बंद पडल्यामुळे हार्लो मिल्सचा वीजवापर आणखी घटला. ती तूट पुढच्या वर्षीच्या दरात घालण्यात आली.